जाड घडीची चिठ्ठी

चौतीस वर्षं मी शाळेत कॉपी पकडली. मनगटावरची, पट्टीच्या पाठीवरची, बुटाच्या जिभेखालची. आणि निवृत्त झाल्यावर स्वतः दोन वर्षं आठ महिने हातचलाखी करत राहिले, तीही एका शिंपीणबाईशी. तिचं नाव सोलेदाद, पण इलोइलो शहरातल्या आमच्या हारो भागात तिला सगळे मानांग चोलेंग म्हणतात. मानांग म्हणजे थोरली बहीण. माझ्याहून ती सहा वर्षांनी मोठी, म्हणून मीही तसंच म्हणते. ती मात्र मला अजून शाळेतल्यासारखं माम, म्हणजे बाई, म्हणते. तिच्याबद्दल चार ओळी लिहायच्या म्हणून बसते आणि दर वेळी माझंच तोंड समोर येतं. येऊ दे.

चोलेंगचं दुकान बाजारामागच्या गल्लीत आहे. अर्ध्या गावाचे शाळेचे गणवेश तिनं शिवले, आम्हा शिक्षिकांचे झगेही तिनंच शिवले. माझी कंबर दर वर्षी किती वाढली हे माझ्या डॉक्टरांच्या आधी तिला कळायचं आणि ती कधी बोलायची नाही. तिचा नवरा रोडोल्फो मुलगी दोन वर्षांची असताना बोटीवर कामाला गेला. तीन वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. आमच्या इलोइलोत असं घर एकच नाही, त्यामुळे कुणी खोदून विचारलं नाही. चोलेंगनं शिलाई मशीनवर मुलगी वाढवली, तिला नर्स केलं. ती आता दुबईत असते.

आमचं वाचनमंडळ आठ जणींचं. पाच निवृत्त शिक्षिका, पाद्रीबाबांची बहीण, औषधाच्या दुकानाची मालकीण मार्लिन आणि चोलेंग. चोलेंगला मार्लिननं आणलं. मी तेव्हा तोंडानं "या, या" म्हटलं आणि मनात म्हटलं, ही काय वाचणार? पहिल्याच बैठकीला ती पुस्तक दोनदा वाचून आली होती. पानांत खुणेला रंगीत दोरे घातले होते. कादंबरी एका श्रीमंत, दानशूर विधवेची होती आणि आम्ही सगळ्या त्या विधवेचं कौतुक करून दमलो होतो. शेवटी चोलेंग हळूच म्हणाली, "ही बाई सगळ्यांना जेवायला घालते. पण कुणाच्या घरी जेवायला जात नाही. असं का हो, माम?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. प्रश्न आठवतो.

पुढचं पुस्तक ठरवायची आमची पद्धत साधी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येकीनं एका पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची, अध्यक्षानं, म्हणजे मी, एक काढायची. जिची चिठ्ठी निघेल तिचं पुस्तक महिनाभर वाचायचं आणि पुढची बैठक तिच्याच घरी. खाणंपिणं तिच्याकडे. उरलेल्या चिठ्ठ्या मी घरी नेऊन जाळायची, पुढच्या महिन्याला सगळ्या नव्या. डबा चोलेंगनंच दिलेला. पूर्वी त्यात तिची बटणं असायची. अजूनही हलवला की तळाशी अडकलेलं एक बटण वाजतं. आणि निघालेल्या पुस्तकाचं नाव वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर लागतं, खाली मंडळाचं नाव, त्याखाली माझं. तो फळा मला फार प्रिय होता, हे कबूल करते.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात चोलेंगची चिठ्ठी निघाली. कपडे बेतायचा तपकिरी जाड कागद, झग्याचा काठ दुमडावा तशी कडा आत घालून घडी केलेली. उघडली. लिहिलं होतं: "समुद्रापलीकडचा नवरा". ते पुस्तक मला माहीत होतं. बसस्टँडवर केळ्यांच्या चिप्सशेजारी मिळणारं, खिशात मावणारं, मुखपृष्ठावर लाल झग्यातली बाई आणि मागं जहाज. डोळ्यांसमोर फळा आला. त्या नावाखाली माझं नाव! आणि तोंडातून आपोआप माझ्या स्वतःच्या चिठ्ठीवरचं नाव बाहेर पडलं. चिठ्ठी मी मुठीत चुरगळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चोलेंगनंही.

त्यानंतर चूक होऊ दिली नाही. डब्यात हात घातला की बोटांना ती जाड घडी लगेच लागायची आणि मी बाजूची पातळ चिठ्ठी उचलायची. इतकं सोपं होतं. मनाला मी समजावलं होतं की तिच्याच भल्याचं आहे: दुकानामागच्या एका खोलीत आठ जणी कुठं बसणार, आठ जणींचं खाणं तिला कशाला, उगीच भुर्दंड. दया दाखवतेय असं वाटून मला बरंही वाटायचं. आता त्या बरं वाटण्याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

"मानांग, तुमच्या नशिबाला खळ लागलीय," मार्लिन दर महिन्याला चिडवायची. "डब्याच्या तळालाच चिकटून बसतंय!"

"बसू दे गं," चोलेंग म्हणायची. "बटणाला सोबत."

गेल्या वर्षी जानेवारीत, कॅंडेलारिया मातेच्या जत्रेआधीच्या बैठकीत, ती चहाचा कप ठेवताना टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला गेली. मार्लिननं झेलला. तेव्हा कळलं, काचबिंदू. एक डोळा गेल्यात जमा, दुसऱ्याला डॉक्टरांनी वर्ष दिलं होतं.

"म्हणून म्हणते, माम," ती हसत म्हणाली, "या वर्षात एकदा माझी निघू दे. मला त्या पुस्तकाबद्दल तुम्हा सगळ्या शिकलेल्या बायकांना एक विचारायचंय. पुढच्या वर्षी मला पान दिसायचं नाही. दोरा कुठं घालू?"

मी डब्यात हात घातला. जाड घडी अगदी वरच होती, तळहाताला टेकली. देवाशपथ, मी तिला धरलंही. पण त्या दिवशी वाचनालयाच्या नव्या प्रमुख बाई पाहुण्या म्हणून माझ्या शेजारी बसल्या होत्या, केसांत मोत्याची पिन लावून. मी घडी सोडली आणि दुसरी काढली.

पुढच्या सात बैठकांतही तेच केलं. पाहुणे नव्हते तरी. एकदा इतकं केल्यावर मध्येच कसं थांबायचं हे मला कळेना.

सप्टेंबरच्या बैठकीला चोलेंग आली नाही. त्या महिन्यात डब्यात सातच चिठ्ठ्या होत्या. बोटं सवयीनं जाड घडी शोधत राहिली, सापडेना. सोमवारी सकाळी बिस्कोचोची, म्हणजे भाजलेल्या गोड पावाच्या तुकड्यांची, पिशवी घेऊन मी तिच्याकडे गेले. एवढ्या वर्षांत माप द्यायला दुकानात शंभरदा गेले असेन. पडद्याच्या आत पाऊल टाकलं ते पहिल्यांदा.

खोली लहान होती, पण आठ जणी बसल्या असत्या. मशीन भिंतीला सरकवून जागा केली होती. चार खुर्च्या, दोन बाकं, आठ उशा. कपाटावर आठ पांढऱ्या बशा एकसारख्या. त्यांच्यावर इस्त्री करून ठेवलेले हातरुमाल, प्रत्येकाच्या कोपऱ्यात भरतकामानं नाव. वरचाच माझा होता. देल्फिना, निळ्या दोऱ्यात. घड्यांच्या रेघा पिवळ्या पडल्या होत्या.

"कोण? माम?" चोलेंग खाटेवरून म्हणाली. "पावलं ओळखली. बसा ना. तुमची खुर्ची ती, हाताची. तुमची कंबर दुखते ना."

मी बसले. "हे रुमाल कधी केलेत, मानांग?"

"पहिल्या वर्षी. डोळे धड होते तेव्हा. म्हटलं, माझी चिठ्ठी निघाली आणि ऐनवेळी धांदल झाली तर? तुम्ही सगळ्या मोठ्या घरच्या." ती हसली. "मोलोचं सूप करणार होते, खिमा भरलेल्या पिठाच्या पुरचुंड्यांचं. त्यात कांदा तळून वरून घालते मी, तुम्हाला आवडेल."

माझ्यानं राहवेना. सांगून टाकलं. पहिल्या चिठ्ठीपासून मोत्याच्या पिनेपर्यंत, फळ्यासकट, सगळं. वर्गातली मुलं मुख्याध्यापकांसमोर उभी राहून सांगायची तसं, खाली बघत. तिला नीट दिसत नव्हतं तरी खालीच बघत होते.

चोलेंगनं सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतला एक बिस्कोचो काढला, मोडला, अर्धा मला दिला.

"ठाऊक आहे मला."

"काय?"

"माम, पन्नास वर्षं बायकांचे हात बघतेय मी. तागे चाचपणाऱ्या बाईला हवं असलेलं कापड सापडलं की हात थांबतो. नको असलेलं लागलं की हात पळतो. तुमचा हात दर महिन्याला पळायचा."

"मग तुम्ही घडी बदलली का नाही? पातळ कागद घ्यायचा, सगळ्यांसारखी चिठ्ठी करायची. मला कळलंही नसतं!"

"म्हणूनच नाही बदलली," ती म्हणाली. "कळलं नसतं तर चुकून माझी निघाली असती. सगळ्यांसमोर तुम्हाला ते नाव वाचावं लागलं असतं. तुमचा चेहरा पडला असता. पहिल्यांदा पडला होता ना, मी बघितला होता. पुन्हा कशाला तुम्हाला लाजवायचं?"

बत्तीस महिने ती दर बैठकीला जाड कागद कापून, कडा आत दुमडून, मला हातचलाखी सोपी जावी म्हणून घडी घालत होती. आणि मी समजत होते, दया मी करतेय.

मी विचारलं, "काय विचारायचं होतं आम्हाला?"

"त्या पुस्तकात नवरा अठरा वर्षांनी परत येतो. दार वाजवतो. ती बाई उघडते. मला विचारायचं होतं, तिनं बरोबर केलं का?" तिनं हातातला बिस्कोचो खाली ठेवला. "माझाही आला होता. मुलीच्या पदवीच्या वर्षी. तिथं, दुकानाच्या दारात उभा होता, हातात फणसाची पिशवी. मी मशीन थांबवलंच नाही. चालवत राहिले, तो जाईपर्यंत. कुणाला सांगितलं नाही. स्वतःचं कसं विचारणार, माम? पण पुस्तकातल्या बाईबद्दल विचारता येतं."

"मानांग, तुम्ही..."

"नको, तुम्ही एकटीनं नका सांगू. सगळ्या जणींना विचारायचंय. मार्लिन काय म्हणते ते ऐकायचंय. पाद्रीबाबांची बहीण काय म्हणते ते."

मी म्हणाले, पुढच्या महिन्यात चिठ्ठ्याच नकोत, तुमचंच पुस्तक घेऊ. ती अशी उठून बसली की खाट करकरली.

"अबाव, छे! मग सगळ्या का म्हणून विचारतील. काय सांगाल? आंधळ्या म्हातारीवर कृपा? ते नको. डब्यातून निघू दे. निघायची तेव्हा निघेल."

मग तिनं उशीखालून तपकिरी कागदाचा तुकडा काढला आणि म्हणाली, "तुम्हीच लिहा. मला ओळ सापडत नाही." मी माझ्या सुंदर, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात लिहिलं: "समुद्रापलीकडचा नवरा". कागद हातात धरून बसून राहिले.

"घडी कशी घालू, मानांग?"

"सगळ्यांसारखी," ती म्हणाली.

ऑक्टोबरपासून चिठ्ठी मार्लिन काढते. मी सांगितलं की माझा हात दुखतो. खरं कारण सांगायचं धाडस अजून झालेलं नाही, हेही इथं लिहून ठेवते. चोलेंगची चिठ्ठी मी दर महिन्याला तिच्या खोलीत जाऊन लिहिते, पातळ कागदावर, आणि तिला हाताला धरून बैठकीला आणते. चार महिने झाले. एकदा कोकरांबद्दलचं पुस्तक निघालं, एकदा एका सेनापतीचं, दोनदा आम्हा शिक्षिकांपैकीच कुणी सुचवलेलं. तिची निघालेली नाही. दुसरा डोळाही आता गेला.

नाव पुकारलं की ती आवाजाच्या दिशेनं मान वळवते आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवते. मी तिच्या शेजारी बसते. मार्लिनचा हात डब्यात गेला, तळाचं बटण वाजलं, की दर वेळी आठवतं, चोलेंगला दिसत होतं तेव्हा ती घडी माझ्या हातात आली होती.