मार्थाआत्याची करंजी

मार्थाआत्या कुणाच्याही घरात शिरली की आधी चपला काढायची, मग दोष. “हॅ!” हा तिचा नमस्कार. ती माझ्या नवऱ्याची आत्या, राहणार कळस गावची. दर नाताळाला एसटीनं बारामतीला आमच्याकडे यायची आणि आल्या आल्या घरावर अशी नजर फिरवायची, जणू चुकून कुणाच्या गोठ्यात उतरली आहे. तोंडावर मी तिला “अहो आत्याबाई” म्हणायचे. आता मी स्वतःच आजी झालेय, तेव्हा ‘ती’ म्हणायची मोकळीक घेते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. नवरा एमआयडीसीतल्या दूध डेअरीत नोकरीला, आमचं घर दोन खोल्यांचं. मी पुण्याची, आणि ते कुणी विसरू नये याची मला कोण काळजी! पहिलं पोर पदरात, शमू. दहा महिन्यांचा. रांगायचा आणि सापडेल ते तोंडात घालायचा. असं पोर घरात असताना त्या शहाणीनं, म्हणजे मी, पुण्याहून काय आणावं? काचेचे रंगीत गोळे. फुंकर मारली तर फुटतील असे. कशासाठी? तर नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चच्या पाळकबाई घरोघर भेटीला येत, त्यांनी माझ्या झाडाला “वा!” म्हणावं म्हणून. त्या बाईच्या एका “वा”साठी मी पोरगं पणाला लावलं होतं, पण तेव्हा मला ते कलागुण वाटत होते.

सुरूची फांदी बादलीतल्या वाळूत रोवली. शमूनं वाळू खाल्ली. फांदीभोवती ट्रंक आणि खुर्च्यांचं कुंपण केलं. तो खुर्चीखालून आत गेला.

“हॅ! मांजराला दुधाची राखण दिलीया,” आत्या उंबऱ्यातूनच म्हणाली. “सुनबाई, त्या काचा उतरव. पुढच्या साली लाव.”

“आत्याबाई, तुम्हाला नाही कळायचं. पुण्यात असंच असतं.”

“पुण्यात पोरं न्हाईत व्हय?”

मग मला युक्ती सुचली. खोलीच्या मधोमध आढ्याला कडी होती, तिला शमूची झोळी टांगलेली असे. मी झोळी सोडली आणि तिच्याच दोरीनं फांदी वर टांगली. गोळे, चमकी, कापसाचं बर्फ, सगळं अधांतरी. पोराचा हात पोचायचा नाही! स्वतःवर इतकी खूश झाले की लांब उभी राहून बघतच राहिले.

“लेकराचा झोका काढून झाडाला झोका दिलास?” आत्या म्हणाली. “आता लेकरू झोपंल कुठं? त्या बादलीत?”

मी नाक मुरडून चहा टाकायला आत गेले. झोळीला झोका द्यायची दुसरी दोरी तशीच फांदीखाली जमिनीपर्यंत लोंबत राहिली होती, हे त्या पुणेरी डोक्यात आलंच नाही. शमूच्या मात्र आलं. रोज आम्ही ती ओढायचो, ते त्यानं बघितलं होतं. तो रांगत गेला, दोरी धरली आणि ओढली.

काचेचा खळखळाट ऐकून मी धावले, तोवर आत्यानं त्याला उचललं होतं. तो रडत नव्हता. गाल फुगला होता, आणि हेच वाईट होतं. आत्यानं त्याला मांडीवर पालथा टाकला, तोंडात बोट घातलं. तो चावला. तिनं बोट मागे घेतलं नाही. रक्ताची लाळ तिच्या लुगड्यावर उतरली तशी मी रडायलाच लागले. मग चंदेरी काचेची एक कपची तिच्या बोटाबरोबर बाहेर आली, आणि शमूनं भोकाड पसरलं. त्याचं तोंड तिनं दिव्यापाशी नेऊन दोनदा बघितलं. आत काही नव्हतं. रक्त तिच्या बोटाचं होतं.

“रडतीस काय? झाडू आण,” ती म्हणाली. “न्हायतर तू पण बस रांगत.”

बोटाला चिंधी गुंडाळून तिनं उरलेले गोळे उतरवले, फांदी परत बादलीत रोवली आणि वाळूवर जुनं लुगडं करकचून आवळलं. खालच्या डहाळ्यांना कापडाच्या गाठी मारलेल्या चांदण्या, वरच्यांना दोऱ्यात ओवलेल्या नाताळच्या फराळाच्या करंज्या. असलं गावंढळ झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. शमू बादलीला धरून उभा राहिला आणि एक चांदणी चोखू लागला.

तेवढ्यात पाळकबाई आल्या. झाडाकडे बघत राहिल्या. “वेगळंच आहे हो,” एवढंच म्हणाल्या. धरणीनं मला पोटात घ्यावं असं वाटलं.

“वेगळं कशाचं? खायाचं हाय,” आत्या म्हणाली. “घ्या तोडून.”

पाळकबाईंनी तोडली, खाल्ली, आणि जाताना आणखी एक पदरात बांधून घेतली. “वा” मात्र म्हणाल्या नाहीत.

पुढे काही वर्षांनी आत्या कळसला अंथरुणाला खिळली. नाताळ तोंडावर आला होता. मी तिच्या खाटेच्या उशाशी सुरूची फांदी बांधली. आता मला अक्कल आली होती, म्हणून हात पोचेल अशी. करंज्याही मीच तळून नेल्या होत्या. तिला नीट दिसत नव्हतं. व्रण पडलेलं ते बोट चाचपडत फांदीवर फिरलं, एका करंजीपाशी थांबलं. तिनं ती तोडली, दात नसलेल्या तोंडात घातली आणि बराच वेळ चघळत राहिली. मी कौतुकाची वाट बघत बसले. जन्माची खोड, जाते कुठे?

“हॅ!” ती म्हणाली. “खोबरं खवट हाय.”

ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मग तिनं पुन्हा हात वर केला, आणि मी फांदी जरा खाली वाकवली.