धसकाआत्या मैत्रिणीला भेटायला निघाली

आमच्या आत्याचं नाव सखूबाई, पण सगळी वारूळवाडी तिला धसकाआत्या म्हणायची. कुणी घराबाहेर पडलं, की त्याच्यावर येऊ शकणारी सगळी संकटं ती दारात उभी राहून मोठ्यानं बोलून दाखवी. आम्ही शाळेच्या सहलीला निघालो, तर हिचं सुरू, "गाडी दरीत जाईल, पोरं पाण्यात पडतील." आई चिडायची. आत्या म्हणायची, "वंगाळ आधीच बोलून टाकावं. बोललेलं घडत न्हाई." आम्ही धडधाकट परत आलो, की ते आपल्यामुळेच, अशी तिची खात्री.

तिला जिवाभावाची मैत्रीण एकच, विमलबाई. नारायणगावात कापडाचं दुकान असलेल्या जैन घरातली सून. मारवाडातून लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्यांच्याकडे दुधाचा रतीब आत्याचा. दूध घातलं की आत्या तिच्या ओट्यावर टेकायची आणि तिला बोलायला शिकवायची. त्यामुळे शेठजींची सून जन्मभर 'लई' आणि 'व्हतं'च म्हणत राहिली. तिचं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हाही उशाशी आत्याच बसली होती. पुढे तिच्या मुलानं जोधपूरला धंदा काढला आणि विमलबाई तिकडे गेली. आत्यानं त्यांच्या दुकानाच्या आळीतून जाणंच सोडलं; बाजाराला लांबच्या रस्त्यानं जायची.

मी पुण्यात नोकरीला लागलो, त्या सुमारास विमलबाईच्या मुलाचा शेजाऱ्यांकडे फोन आला. "आईच्या छातीत गाठ आहे. ऑपरेशन ठरलंय. ती म्हणते, आधी सखू येऊ दे."

आत्याला घेऊन मीच निघालो. दुसऱ्या वर्गात जागा नव्हती, म्हणून पहिल्या वर्गाची तिकिटं काढली. एसटीनं माळशेज उतरून मुंबई गाठली आणि गाडीत बसलो. आत्या तोवर आगगाडीत कधी बसलेलीच नव्हती. तो गुबगुबीत बाकांचा डबा, आतून कडी लागणारी खोली, हे बघून तिचा जीव आणखीच घाबरा झाला. "दार लावलं तर भाईर काय चाललंय ते कळायचं कसं?" म्हणत ती दारापाशीच बसून राहिली. समोरच्या बाईंनी पुऱ्या पुढे केल्या. आत्यानं मान हलवली आणि माझ्या कानाशी लागली, "गुंगीचं औषध आसतंय त्यात."

पूल आला की पूल कोसळायचा, बोगदा आला की इंजिन अडकायचं. सगळं बोलून झालं. विमलबाईबद्दल मात्र ती एक शब्द काढत नव्हती. मी विषय काढला, तर खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी मध्येच माळावर थांबली. पुढे मालगाडी घसरली होती. ऑपरेशन त्याच दुपारचं. आत्या उठायची, बोळातून डब्याच्या दारापर्यंत जायची, परत यायची. "चालत किती लांब आसंल रं?" असं तिनं खरोखर विचारलं. गाडी हलली, तेव्हा ती पदराचं टोक तोंडात धरून बसली होती.

स्टेशनवरून रिक्षानं थेट दवाखान्यात गेलो. ऑपरेशनच्या खोलीबाहेर ढकलगाडीवर विमलबाई आडवी होती. निम्मी राहिली होती. डॉक्टर घाई करत होते, आणि ती मुलाचा हात झिडकारून म्हणत होती, "सखू आल्याबिगर मी आत जायची न्हाई."

आत्या जवळ गेली. विमलबाईनं तिचं मनगट पकडलं. "बोल की सखू. सगळं बोलून टाक."

आत्यानं तिच्या अंगावरची चादर सारखी केली, मग परत सारखी केली. मुलगा, सून, डॉक्टर, सगळे बघत राहिले. शेवटी तिनं डोळे गच्च मिटले आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली, की नर्स दचकली, "विमल, तू मरशील!"

सुनेनं कपाळावर हात मारला. विमलबाई हसली. "आता न्या," ती म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर येईपर्यंत आत्यानं पाण्याचा घोट घेतला नाही. गाठ निघाली होती. विमलबाई शुद्धीवर आली, तेव्हा आत्या भिंतीला टेकून बसल्याजागी झोपली होती.

आधी गेली ती आत्या. पाच-सहा वर्षांनी, ध्यानीमनी नसताना, गोठ्यात धार काढता काढता. विमलबाई दहाव्याला पोचली. जोधपूरहून एकटीच आली होती. फोटोपुढे ती थांबली नाही, की रडली नाही. बायकांनी पुढे केलेला चहा तिनं घेतला नाही. "सखू झोपायची कुठं?" एवढंच विचारलं.

मी मागच्या खोलीतली खाट दाखवली. विमलबाईनं चपला काढल्या, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि आत्याची गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. बाहेर पंगती उठल्या, पाव्हणे पांगले, दिवेलागण झाली. आम्ही कुणी तिला उठवलं नाही.