सात देवांचं माहेर

मी जन्मानं गोंड नाही. वर्ध्याच्या एका कारकुनाची लेक. अंगात मॅट्रिकची गुर्मी, पायात उंच टाचांच्या चपला. त्याच चपलांनी शेतातली ढेकळं तुडवत, स्वतःच्या लग्नाची बोलणी करायला मी आंजीकडच्या एका गावात एकटी गेले. एवढी अक्कल होती.

अंगणात नवऱ्या मुलाची भावकी बसलेली. होणाऱ्या सासूनं पहिलंच विचारलं, "तुये देव किती वं, पोरी?"

मला वाटलं, धर्माची परीक्षा आहे. मान ताठ करून सांगितलं, "तेहतीस कोटी."

एक म्हातारा म्हणाला, "बापा, एवढ्यायले कोंबडे कुठून आनाचे?" अंगण हसून लोळलं.

मग सासूनं समजावलं. त्यांचं कुळ सहा देवांचं. सहाची सगळी कुळं एकमेकांची भावंडं, म्हणून सून दुसऱ्या देवांच्या घरातली लागते. माझा तर त्यांच्या मोजणीत एकही देव नाही. दुसऱ्या देवांच्या एखाद्या घरानं मला लेक केलं तरच मी त्यांच्यातली. नाही तर लग्न होऊनही देवाच्या पूजेत बाहेरची. आणि माझ्या वडिलांनी तर दार आधीच लावून घेतलं होतं.

माझी मॅट्रिक डोळ्यांतून गळू लागली.

निंदणाहून परतणारी शेजारीण कुंपणापाशी थांबली. "काऊन रडून राह्यली वं थे?" सगळं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले, आत येऊन बसली. तिचं घर सात देवांचं. मांडी थोपटून म्हणाली, "बस."

"मी जड आहे," मी म्हणाले. काय हे उत्तर.

"घरी दोन म्हशी सांभाळतो मी. बस."

बसले. त्यानंतर भावकी माझ्या हातचं पाणी प्याली. त्या मांडीनं मला माहेर दिलं: दिवाळीची साडी, हुरडा, दोन्ही बाळंतपणं. उपकाराचा शब्द तिनं कधी काढला नाही.

यंदा नातवानं पुण्याची मुलगी पसंत केली. मी आता सहाची, मला तिला लेक करता येत नाही. म्हणून गावी माहेरच्या भावाला, त्या शेजारणीच्या लेकाला, फोन लावला.

"माहे गुडघे गेले, बाई," तो म्हणाला. "तुही भावजय घेते मांडीवर. येजो तिले घेऊन."

वाटेत पोरीनं घाबरून विचारलं, "आजी, देव किती सांगायचे?"

"तेहतीस कोटी सांग," मी म्हटलं. "आधी हसू दे त्यांना."