सरांच्या रानातला पाइप

फळ्याकडे न बघता आमचे सर इराणपासून राजस्थानपर्यंत गॅसची पाइपलाइन काढायचे. तोंड वर्गाकडे, हात मागे, आणि खडू पाकिस्तान ओलांडून बरोबर आपल्या सरहद्दीवर येऊन थांबायचा. औरंगाबादच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाला सगळे ‘पाइपलाइन सर’च म्हणत. ती लाइन येणार कधी, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, “पुढल्या साली.” मी तीन वर्षं तिथे शिकले. तिन्ही वर्षं ती पुढल्या सालीच येणार होती.

गॅस आणणाऱ्या जहाजांवर त्यांचा भारी राग. “जहाजाचं काय, भाव बघून भर समुद्रात तोंड फिरवतं. पाइप एकदा जमिनीत गाडला की फिरत नाय. देणारा, घेणारा अन् ज्याच्या रानातून जातो त्यो, तिघं बी बांधले जातात.” मग आवाज खाली आणून ते पुढचं वाक्य लिहून घ्यायला लावायचे: मधला देश बांधील असतो, पण त्याला दुसरीकडून जास्त मिळेपर्यंतच. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. मी त्यावर अडीच पानं लिहिली होती आणि सरांनी ती वर्गात वाचून दाखवली होती.

आमच्या गावी, पाचोडला, त्यांचं रान आमच्या रानाशेजारीच. क्रांती चौकातल्या भाड्याच्या घरातून स्कूटरवर यायचे, आमच्या ओट्यावर बसून भाकरी-ठेचा खायचे आणि आईला विचारायचे, “वहिनी, गॅसची टाकी किती दिस पुरती?” तिथून सुरुवात करून तिला थेट इराणपर्यंत न्यायचे. आईला ते सगळं कळायचं, याचंच मला नवल वाटे.

आमची विहीर ओढ्याकाठी, मोसंबीची बाग अलीकडे आणि मधे सरांचं रान. बागेला पाणी आणायला माझ्या वडिलांनी, आबांनी, त्या रानातून पाइप पुरायचं ठरवलं. सर म्हणाले, “पुरा की. मी हाय ना.” ते गेल्यावर आबा मला म्हणाले, “पोरी, मानूस लई चांगला, पन कागद असलेला बरा.” मी चिडले. “आबा, सरांकडं कागद मागायचा? मला तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?” कागद करायचा राहूनच गेला.

सहा वर्षं पाणी आलं. सातव्या उन्हाळ्यात एका सकाळी जेसीबीनं आमचा पाइप उपसून बांधावर टाकला. सरांनी रान प्लॉटिंगवाल्याला विकलं होतं, तेही दिवाळीच्या आधी. त्यानंतर दोनदा ते आमच्याकडे जेवून गेले होते आणि विक्रीबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. टँकरनं बाग किती जगवणार? पावसाच्या तोंडाशी आबांनी वाळलेली झाडं स्वतःच्या हातानं तोडली. मला त्यांनी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

परक्यानं दगा दिला असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. मी पडेगावला गेले, सरांच्या नव्या बंगल्यात. त्यांनी स्वतः चहा केला, पूर्वीसारखंच माझ्या कपात आलं जास्त टाकलं.

“सर, निदान सांगायचं तरी.”

ते कपाकडे बघतच “भाव लई चांगला आला गं,” म्हणाले. मग मान वर न करता, पेपर तपासताना बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, “पेपरात तर तू बरोबर लिहिलं होतंस.”