पगाराचे दोन आणे

पुलगाव स्टेशनातून बाहेर पडून मिलच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला महादेवरावांचं हॉटेल लागायचं. पाटीवर 'उपाहारगृह' असं रंगवलेलं होतं, पण उपाहारगृहात कोण कशाला जातो? लोक कवडूच्या हाटेलात जात. गल्ला महादेवरावांचा, भट्टी आणि कढई त्यांचीच. नाव मात्र वाढणाऱ्याचं झालं होतं. महादेवरावांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. गल्ला भरतोय ना, मग नाव कोणाचं का होईना.

कवडू उंच, काटकुळा, कमरेला कायम ओलं फडकं खोचलेला. आवाज असा की मिलचा भोंगा एखाद दिवस बंद पडला तरी पाळी चुकू नये. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा झाल्याबरोबर आईनं त्याला सुईणीला एका कवडीला विकलं आणि सूपभर ज्वारी देऊन पुन्हा विकत घेतलं. दैवानं समजावं, हे पोर कवडीमोलाचं, याला नेऊन काय फायदा. दैव फसलं आणि कवडू जगला. मोठेपणी तो हे सगळ्यांना हसत हसत सांगायचा आणि वर म्हणायचा, "माह्या मायनं माही किंमत एकदा केली. आता दुसऱ्या कोनी कराची गरज नाई."

गोष्ट आण्यांच्या काळातली, नवे पैसे यायच्या जरा आधीची. तेव्हा असल्या हॉटेलांत बिल कागदावर लिहीत नसत. कोणी काय खाल्लं ते वाढणाऱ्याच्या ध्यानात. गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडे निघालं की तो जागेवरूनच हाळी द्यायचा, "गुलाबी फेटा, तीन आणे लेना!" आता हाळी द्यायची तर माणसाची काहीतरी खूण सांगावी लागते, आणि इथंच वाढप्यांची जीभ घसरते. बाकीच्या हॉटेलांत 'लंगडे काका', 'टकले मास्तर' सर्रास चालायचं. कवडूनं मात्र कोणाचं व्यंग कधी हाळीत घेतलं नाही. लंगडणारा पोस्टमन त्याच्यासाठी 'खाकी कोट' होता आणि टकले मास्तर 'जरीचं उपरणं'. मास्तर नुसती ती हाळी ऐकायला दिवसाकाठी एक चहा जास्त पितात, असं लोक म्हणत. मला ते खरं वाटतं.

हॉटेलच्या मागच्या भिंतीला लागूनच महादेवरावांचं घर होतं. गुडघे धरले तसा त्यांनी गल्ला मुलाच्या, घनश्यामच्या हाती दिला आणि स्वतः त्या भिंतीपलीकडे बाज टाकून पडून राहू लागले. पण कान शाबूत होते. दिवसभर कवडूच्या हाळ्या ऐकायच्या आणि मनात बेरीज करत राहायचं, हा त्यांचा विरंगुळा. संध्याकाळी घनश्यामनं गल्ला मोजण्याआधी आकडा सांगायचे, आणि तो सहसा चुकत नसे.

राहता राहिली बक्षिसी. ती कवडू घेत नसे, आणि याची सुरुवात मोठ्या गमतीची होती. पुलगावजवळ दारूगोळ्याचा डेपो, त्यामुळे फौजी अंमलदार येत-जात असत. एकदा एक साहेब चहा पिऊन बशीखाली चार आणे ठेवून गेला. कवडूला वाटलं, बिचारा विसरला. हा धावत फलाटावर. गाडी सुटलेली. "साहेब, पैसे राह्यले!" साहेब हसला आणि यानं खिडकीतून दिलेली पावली त्यानं परत फलाटावर टाकली. कवडूनं ती उचलली, पळत पळत नेम धरला आणि पुन्हा डब्यात फेकली. ती पडली एका झोपलेल्या म्हातारीच्या ओच्यात. म्हातारी भुसावळला जागी झाली असेल तर तिनं देवालाच हात जोडले असतील.

नंतर लोकांनी त्याला समजावलं, बाबा रे, तो साहेब विसरला नव्हता, याला टीप म्हणतात. कवडूनं मान डोलावली, पण रीत बदलली नाही. कोणी बशीत नाणं ठेवलं की हाळी यायची, "चष्मेवाले बाबू, दोन आणे लेना, एक आणा वापस देना!" साऱ्या हॉटेलच्या माना वळत आणि देणारा चोरी पकडल्यासारखा गोरामोरा होऊन नाणं उचली. असं सगळं सुखानं चाललं होतं, तोवर घनश्याम महिनाभर नागपूरला मामाच्या हॉटेलात राहून धंदा शिकून आला.

घनश्याम पोरगा वाईट नव्हता. नवीन शिकलेलं कुठंतरी वापरून पाहायची घाई, एवढाच त्याचा दोष. येताना तो खिशाला पेन लावून आला आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "कवडूभाऊ, नागपूरले वाढप्याले पगार नावालेच राह्यते. थो टीपवर जगते. या महिन्यापासून तुमचा पगार तीसचा पंधरा. बाकीचे तुमच्या हुशारीवर. तीसचे चाळीस बी होतीन!"

"अन् कोनी नाई ठेवले त?"

"ठेवते न! टेबलापाशी जरा घुटमळाचं, गोड बोलाचं. कोटावरची धूळ झटकून द्याची."

कवडूनं जन्मात बैलाशिवाय कोणाचं अंग झटकलं नव्हतं. मागच्या दारानं जाऊन महादेवरावांच्या कानावर घालावं, असं त्याला वाटलं. पण बापापाशी लेकाची चुगली करायची त्याला लाज वाटली. तो तसाच घरी गेला.

त्याची बायको पंचफुला चुलीपाशी भाकरी थापत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मंग घ्या न! चोरी थोडीच हाय."

"थे देते अन् मंग माह्याकडे पाह्यते. कसं पाह्यते थे तुनं पाह्यलं नाई."

"मले त वरचं आढं दिसते," पंचफुला म्हणाली. "पावसाळ्याआधी छपराचे कवेलू फेरले नाई त त्याच्याखाली बसून तुमचा मान भिजते, अन् आपन बी."

तिचंही खोटं नव्हतं. पंधरा रुपयांत घर चालत नव्हतं आणि हात पुढे होत नव्हता. दुसऱ्या दिवशी कवडू मन घट्ट करून कामावर गेला आणि टेबलापाशी घुटमळायला लागला.

घुटमळणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. एका कापसाच्या व्यापाऱ्यानं पाकीट काढून आतल्या खिशात दडवलं. पोस्टमननं आपल्या चहात माशी पडली की काय म्हणून कप दोनदा पाहिला. आणि रूपराव तर भडकलाच. रूपराव गाडीवान, जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पोचवायचा, लाल शेला बांधायचा. कवडूचं हे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. "काऊन रे कवडू," तो म्हणाला, "मी पैसे बुडवून पयतो का काय? पाळत ठेवून राह्यला!"

पण माणूस शिकतोच. चांगलं शिकायला वर्षं लागतात, असलं आठवड्यात येतं. डेपोचे बाबू बशीत काही ना काही ठेवतात, गाडीवान आणि मिलमधले ठेवत नाहीत, हे कवडूच्या नजरेनं टिपलं. कवडूनं नव्हे, नजरेनं. मग पायही त्या नजरेमागून जाऊ लागले. बाबूंचं पाणी आधी, बाबूंचा चहा आधी. पैसे मुकाट्यानं फडक्याच्या गाठीत जाऊ लागले आणि 'वापस देना'ची हाळी बंद झाली.

बाजाराच्या दिवशी रूपराव उपाशीपोटी आला. पहाटे निघून आर्वीकडून माल घेऊन आलेला, भजी सांगून तो वाट पाहत बसला. कढईतून ताजा घाणा निघाला, तेवढ्यात काळा चष्मा लावलेले एक डेपोचे बाबू आत आले. कवडूनं तो घाणा त्यांच्यापुढे नेला आणि परातीतली सकाळची थंडगार भजी रूपरावला दिली. रूपरावनं सगळं पाहिलं. भांडला नाही. चिवट भजी चावत एवढंच म्हणाला, "कवडू, तब्येत बरी नाई का तुही?"

कवडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवी दिली असती तर बरं, असं वाटण्याचे प्रसंग असतात, त्यातला हा. आईनं दैवाला फसवायला कवडीला विकलं होतं. आपण तर खरोखरच दोन आण्यांना गेलो, हे त्याच्या मनात आलं आणि तिथून हलेना.

तोवर बाबू उठले. नेहमीप्रमाणे बशीत दोन आणे होते. कवडूनं ते उचलले, गाठीकडे नेले, आणि मग छाती भरून श्वास घेतला.

"काळा चष्मा, चार आणे चहा-भज्याचे लेना! अन् दोन आणे कवडूच्या पगाराचे, थेही लेना!"

सगळ्या माना वळल्या. भट्टीवरचा आचारीसुद्धा झारा धरून वळला. बाबू भला माणूस होता, तो गडबडून म्हणाला, "अरे, वो तुम्हारे लिये है."

"माह्यासाठीच हाय, बाबूजी. पन थे बक्षीस नाई, माहा अर्धा पगार हाय. पगार मालकाच्या हातून भेटला पाह्यजे." त्यानं दोन आणे घनश्यामपुढे गल्ल्यावर ठेवले. फडक्याची गाठ सोडून आठवडाभराचे पैसेही ठेवले.

"काय तमाशा लावला?" घनश्याम दबक्या आवाजात म्हणाला.

"तमाशा नाई भाऊ, हाळी हाय. गिऱ्हाईकापासून जे घेतो थे वरडून सांगतो. आपल्या हाटेलाची रीतच हाय."

तेवढ्यात मास्तर उठले आणि कवडूनं हाळी दिली, "जरीचं उपरणं, एक आणा लेना! पगाराचं काई नाई, हरकत नाई!"

मास्तर जागच्या जागी थबकले. उपरणं सावरत म्हणाले, "म्हणजे मी द्यायला हवे होते की काय? पण कवडू, तुझा पगार आम्ही का द्यायचा?"

"थेच त मी बी इचारून राह्यलो."

मग काय विचारता! चहा गार झाले आणि तोंडं गरम झाली. बाबूंचं म्हणणं, कोणी आनंदानं चार पैसे ठेवले तर त्यात पाप काय? मास्तरांचं म्हणणं, आज पगार मागता, उद्या कढईच्या तेलाचे वेगळे मागाल. शेवटी रूपराव थंड भजी बाजूला सारून उभा राहिला. "खुशीनं द्या न, बाबूजी, कोन नाई म्हनते? पन खुशी एक रोज येते, चार रोज येत नाई. चूल त रोज पेटवा लागते. मी जिनात कापूस पोचवतो, त भाडं माल धाडनारा देते. रस्त्यानं चालनाऱ्याले मी नाई मागत, का बाप्पा माह्या बैलाले कडबा द्या!"

हॉटेल हसलं. घनश्यामचे कान लाल झाले. आणि मागचं दार उघडलं.

काठी टेकत, भिंतीला धरत महादेवराव आत आले. किती दिवसांनी त्यांचं पाऊल हॉटेलात पडलं होतं. ते गल्ल्यापाशी आले, तिथल्या नाण्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "घनश्या, माही जिंदगी गेली या हाटेलात. पन पगार नावाचं पक्वान्न आपन विकलेलं मले याद नाई. थे कढईत तळते का भट्टीवर भाजते?"

"बाबा, नागपूरले सगळे..."

"नागपूरले गिऱ्हाईक वाढप्याले पोसत असन. आपल्याइथं मालक वाढप्याले पोसते. अन् खरं पाह्यलं त, इतके साल यानंच मले पोसलं. मी त निस्ता गल्ल्यावर बसलो होतो."

 घनश्यामनं खिशातलं पेन काढलं, उगाच त्याचं टोपण लावलं-काढलं आणि पुटपुटला, "तीसच राहू द्या, कवडूभाऊ." दोन-चार दिवस तो रुसल्यासारखा वागला, पुढं पेनही घरी ठेवून येऊ लागला. पंचफुलानं त्या महिन्यात कवेलू फेरून घेतले आणि वर नवऱ्याला ऐकवलं की हे तिनं आधीच सांगितलं होतं. तिनं काय सांगितलं होतं ते तुम्हीआम्ही ऐकलंच आहे, पण कवडू शहाणा, तो गप्प बसला.

पुढच्या बाजाराला रूपराव आला. कवडू कढईपाशी जाऊन उभा राहिला आणि पहिला घाणा निघाल्याबरोबर रूपरावपुढे नेऊन ठेवला. भज्यांवर तेल अजून चुरचुरत होतं. रूपरावनं फुंकर घालत घालत सगळी संपवली, मिशा पुसल्या आणि उठताना कवडूचा हात धरून त्यात एक आणा ठेवला.

कवडू चपापला. "हे कायले? मले पुरा पगार भेटते आता."

"म्हून त देऊन राह्यलो," रूपराव म्हणाला. त्यानं कवडूची बोटं नाण्यावर मिटवली. "हा पगाराचा नाई, खुशीचा हाय. वरडजो नको."

रूपराव गल्ल्याकडे चालू लागला.   कवडूनं नेहमीची हाळी दिली, "लाल शेला, तीन आणे लेना!"

भिंतीपलीकडे महादेवरावांनी बेरजेत तीन आणे मिळवले. कवडूची एक मूठ तशीच मिटलेली होती, म्हणून त्यानं पुढच्या टेबलावरची बशी दुसऱ्या हातानं उचलली.