दादाच्या खांद्यावरचा हात

संपात बाबांची गिरणी सुटली आणि नंतरच्या दंगलीत दादा गेला. पाळी संपवून घरी येत होता, एवढाच त्याचा गुन्हा. रस्त्यातच त्याला भोसकलं. पेपरात नावसुद्धा आलं नाही, मृतांच्या आकड्यात तो नुसता एक. भिंतीवर तरी त्याचा चेहरा हवा, असा आईने हट्ट धरला.

फोटो एकच होता, मावसबहिणीच्या लग्नातला घोळका. मागच्या रांगेत दादा तोंडभर हसतोय. पुढचा दात अर्धा तुटलेला, तो विटीचा प्रसाद. खांद्यावर माझा हात. बाबांनी तो मोठा करायला मुलुंड स्टेशनजवळच्या स्टुडिओत दिला. फोटोवाला गेलेल्या माणसांचं जे नेहमी करायचा, तेच त्याने मन लावून केलं. ओठ मिटवले, केस चापून बसवले, वर ब्रशने कोट-टाय चढवला. जन्मभर बुशशर्टात वावरलेला माझा भाऊ बँकेचा मॅनेजर झाला! शेजारी म्हणाले, "झकास!" आईने फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती स्टुडिओत हजर. "ह्यो खंयचो सायब? माका माजो झील होयो. हसणारो."

"मावशी, हसत्या फोटोला हार घालतात का कुणी?"

"मारणाऱ्यांनी त्येचा तोंड बघूक नाय," आई म्हणाली. "तू तरी पुसू नको."

तो बिचारा वरमला. दात परत आणतो म्हणाला, पण कोट काढला तर तो खांद्यावरचा हात दिसणार. गेलेल्याच्या फोटोत जित्या माणसाचा हात म्हणजे अशुभ. म्हणूनच तर त्याने कोट चढवला होता.

आईने माझ्याकडे पाहिलं. एवढी खमकी बाई, पण तिथे तिचा धीर सुटला. एक मुलगा गेला होता, दुसऱ्याचा हात हाराखाली ठेवायला ती धजेना. मला मात्र भयंकर राग आला, कुणाचा ते आजही सांगता येणार नाही.

"राहू दे हात," मी म्हटलं. "त्या दिवशी मी नव्हतो त्याच्याबरोबर. इथे राहीन."

फोटो लागला. चाळीतल्या बायका कुजबुजल्या, आई बधली नाही. येईल त्याला ती तुटक्या दाताची गोष्ट सांगायचीच, त्याला ऐकायची असो वा नसो. हार मात्र कधी विकतचा आणला नाही. स्वतः ओवायची, आणि मुद्दाम आखूड, माझ्या हातापर्यंत पोचू नये म्हणून.