यंदाचा अर्थ

धायरीचे बजरंगनाना चाळीस वर्षं पोथी वाचत आले होते आणि चाळीस वर्षांत तिचा अर्थ सांगायची वेळ त्यांच्यावर एकदाही आली नव्हती. यात लपवण्यासारखं काही नाही. रीतच तशी होती. एकानं ओवी वाचायची आणि थांबायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा आणि "हं, पुढं" म्हणायचं, मग पुढची ओवी. दोन बैलांचं औत ते, एकट्यानं ओढत नाही. देवळात नानांच्या जोडीला कोणी ना कोणी असे. घरी अर्थ सांगायच्या त्या मथुराबाई, त्यांच्या बायको.

मथुराबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांचे वडील लोणी काळभोरच्या देवळात अर्थ सांगायला बसत आणि ही पोर खांबाआडून ऐकत असे. देवळात बाईमाणसानं अर्थ सांगावा असं कुणाच्या मनात आलं नाही, त्यामुळे ते सगळं शहाणपण नानांच्या ओट्यावर खर्च झालं. श्रावणात पोथी लावायची, रोज दिवेलागणीला दहाबारा ओव्या वाचायच्या, दिवाळीच्या आत समाप्ती. नाना पाटावर, मथुराबाई समोर सुपात डाळ घेऊन. डाळ निवडता निवडता त्या अर्थ सांगत, आणि एकाच ओवीचा अर्थ दर साली वेगळा सांगत. नानांनी एकदा चोरी पकडली होती.

"मागल्या साली तू येगळंच सांगितलं हुतंस."

"मागल्या साली आपली म्हस जित्ती हुती," मथुराबाई म्हणाल्या. "हं, पुढं."

गेल्या वर्षी भाद्रपदात एक ओवी आली. फळ पिकलं की देठापासून आपण होऊन सुटतं, झाडाला दुखत नाही, अशा मतलबाची. नानांनी ती वाचली आणि रिवाजाप्रमाणे थांबले. उत्तर आलं नाही. अर्थ सुचायला मथुराबाईंना कधी कधी वेळ लागे, म्हणून नाना मान खाली घालून, ओवीवर बोट ठेवून बसून राहिले. बराच वेळ बसून राहिले. मान वर केली तेव्हा सूप कलंडलेलं होतं, डाळ फरशीवर सांडली होती आणि मथुराबाई भिंतीला टेकून डोळे मिटून होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "किती वेळ झाला होता?" नानांना सांगता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मथुराबाई गेल्या.

नाना रडले नाहीत. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. लोक म्हणाले, म्हातारा खंबीर आहे. लोकांना काय, न रडणारा माणूस सोयीचा असतो. खरं म्हणजे नाना बधिर झाले होते. उठा म्हटलं की उठत, जेवा म्हटलं की जेवत. सून ऋतुजानं एकदा चुकून आमटीत दोनदा मीठ घातलं, घरात सगळ्यांनी ताटं सरकवली, नानांनी वाटी संपवली. पोथी तशीच राहिली, त्या ओवीवर दोरा घालून, लाल फडक्यात. लावलेली पोथी अर्धी ठेवू नये हे शेंबडं पोरही सांगेल. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं, त्याच्या आत समाप्ती व्हायला हवी होती. नानांनी चारपाच वेळा फडकं सोडलं. ती ओवी वाचायची, थांबायचं, आणि थांबल्यावर पुढे जाताच यायचं नाही. परत फडकं बांधायचं.

मुलगा विश्वजीत माणूस कामाचा. त्यानं मोबाइलवर अख्खी पोथी शोधून काढली, अर्थासकट. "ऐका नाना, होऊन जाईल समाप्ती." मोबाइलमधला गोड आवाजाचा माणूस ओवी म्हणे, अर्थ सांगे आणि लगेच पुढची ओवी म्हणे, कुणाची वाट न बघता. अर्थ अगदी बरोबर होता. नानांनी दोन संध्याकाळी ऐकला आणि तिसऱ्या दिवशी मोबाइल परत दिला.

त्यांच्या जुन्या वावरात आता चौदा मजली सोसायटी उभी आहे. तिथल्या संस्कृती नावाच्या मुलीनं विश्वजीतला गाठलं. त्यांचा रविवारचा ग्रुप होता, स्पिरिच्युअल सीकर्सचा. श्वासाचं झालं होतं, मौनाचं शिबिर झालं होतं, आता त्यांना ओरिजिनल काहीतरी हवं होतं, म्हणजे नानांची पोथी. विश्वजीत म्हणाला, जा नाना, मन रमेल. नाना गेले. जा म्हटलं होतं ना.

क्लब हाउसमध्ये दहाबारा जण सतरंज्या टाकून बसले होते. सकाळची वेळ, तरी पडदे ओढून मंद दिवे लावलेले. बसल्यावर नानांनी मनात अंदाज घेतला आणि त्यांना कळलं की आपण बसलोय तिथं पूर्वी विहिरीची मोट होती. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

प्रज्ञेश नावाचा दाढीवाला मुलगा म्हणाला, "काका, एक जेन्युइन प्रश्न आहे. इतकं जुनं टेक्स्ट आजच्या लाइफला रिलेव्हंट आहे का?"

"मला काय म्हाईत?" नाना म्हणाले. "म्या नुस्ता वाचणार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. यात काहीतरी खोल आहे असं त्यांना वाटलं. नानांनी फडकं सोडलं, दोरा बाजूला केला आणि ती ओवी वाचली. आवाज अजून खणखणीत होता. वाचून ते थांबले.

मंडळींना हे थांबणं फार आवडलं. एकेकानं पाठ ताठ केली, डोळे मिटले, हात गुडघ्यांवर ठेवले. नानांचं बोट ओवीवर, मान खाली. कुणी बोलेना. थोड्या वेळानं नानांनी मान वर केली. समोर सगळ्यांचे डोळे मिटलेले, कुणी हलत नव्हतं, आणि संस्कृती भिंतीला टेकून बसली होती.

"ए पोरी!" नाना ओरडले. "ए! डोळं उघड!"

जागेवरून ते उठले कधी आणि तिचा खांदा धरून हलवला कधी, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पोथी सतरंजीवर पडली. संस्कृती दचकून म्हणाली, "काका, मी ठीक आहे. मेडिटेट करत होते फक्त."

नाना तिथंच खाली बसले. प्रज्ञेशनं पाणी आणलं. आणि मग वर्षभर कुणालाच न सांगितलेली गोष्ट नानांनी या परक्या पोरांना सांगितली. दर साली बदलणारा अर्थ, सूप, डाळ, ओवीवरचं बोट. "मी वाट बघत बसलो, रं. अर्थ सुचंना वाटलं तिला. ती हितं मरत हुती आन् मी अर्थाची वाट बघत हुतो."

यावर काय बोलायचं हे कुठल्याच शिबिरात शिकवत नाहीत. संस्कृतीनं पोथी उचलली, पदरानं पुसतात तशी ओढणीनं पुसली आणि नानांपुढे धरली. हळूच विचारलं, "त्याच्या आधी काय सांगितला होता त्यांनी? या ओवीचा अर्थ?"

"जमीन दिली त्या साली म्हणली, गेली म्हणू नगा, पिकून सुटली म्हणा."

"आणि या वर्षीचा?"

नानांनी ओवीवर बोट ठेवलं. मथुराबाईंच्या जागी बसून विचार करायची त्यांना सवय नव्हती.

"फळाचं बराबर हाय," ते अखेर म्हणाले. "ते पिकलं, सुटलं. झाडाला दुखत न्हाई म्हणतो ह्यो, तेबी असंल. पर देठानं काय करायचं, ते ह्यानं लिवलेलं न्हाई."

बोलले आणि नाना रडले, चांगले ढसाढसा रडले, त्या सगळ्यांच्या देखत, धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून. कुणी डोळे मिटले नाहीत.

मग त्यांनी नाक पुसलं, चष्मा चढवला, दोरा उचलून खिशात घातला.

"हं, पुढं," स्वतःलाच म्हणाले, आणि पुढची ओवी वाचली. जरा मोठ्यानं वाचली, दूर बसलेल्या माणसाला ऐकू जावी अशी.